गृहशास्त्र : चहाची जात आणि चहाची प्रत

गेल्या महिन्यात काही कामानिमित्त येलदरीस जाण्याचा योग आला. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर १९६८ साली पुरे झालेल्या मोठ्या धरणामुळे ज्या गावाचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक झाले, तेच हे येलदरी. तेथे आमच्या एका आप्तांचे घर आहे. घर एकत्र, वडील माणसांत काकू, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे, शिवाय शेतावरचे दोन गडी व धुण्याभांड्यांस येणाऱ्या एक बाई, असा दहाबारा माणसांचा राबता. अशा घरात दिवसाकाठी चहाचे आधण किती वेळा चढते, हे या सदराच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी घरातील वातावरण किंचित गढूळ झाले होते, आणि त्याचे कारण चहा हेच होते. धाकटे चिरंजीव कचेरीच्या कामासाठी कोलकात्यास गेले असता तेथून आईसाठी म्हणून दार्जिलिंगच्या चहाची एक सुबक पेटी घेऊन आले होते. किंमत ऐकून काकूंनी प्रथम कपाळावर हात मारला. परंतु मुलाने हौसेने आणलेली वस्तू, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चहा करावा असे ठरले. धाकट्या सूनबाईंनी नित्याप्रमाणे पाणी, दूध, साखर व आले एकत्र उकळून त्यात ती पाने घातली आणि खळखळून उकळी आणली. जे तयार झाले त्यास ना रंग होता ना चव. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाने दुप्पट घातली, तिसऱ्या दिवशी तिप्पट. पेटी अर्धी झाली, तरी चहा कडवटच झाला. गडद काही झाला नाही. "एवढ्या पैशांचा चहा आणि असले पांचट पाणी! धाकटीच्या हाताला चवच नाही," असे काकू बोलून गेल्या. थोरल्या सूनबाईंचे मत निराळे होते. त्यांच्या मते भावोजींना दुकानदाराने साफ फसविले होते. म्हणजे एका पेटीने एकीच्या हाताची अब्रू घेतली व दुसऱ्याच्या अकलेची.

वस्तुतः दोघेही निर्दोष होते. दुकानदारही बहुधा प्रामाणिक असावा. दोष होता तो चहाची जात व चहाची प्रत यांविषयी आपल्या घरांतून जे अज्ञान सर्रास आढळते त्याचा. ते थोडेफार दूर व्हावे एवढ्याच हेतूने या वेळी हा विषय घेतला आहे.

प्रथम जातीचा विचार करू. काळा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा आणि चिनी लोकांचा ऊलाँग ही चार निरनिराळ्या झाडांची पाने आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. हे सर्व एकाच झाडाच्या पानांपासून होतात. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य पोटभेद दोन : लहान पानाचा चिनी व मोठ्या पानाचा आसामी. आसामातील हे झाड तेथील सिंगफो लोकांस पूर्वापार ठाऊक होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्यास त्याची माहिती मिळाली आणि १८३९ च्या जानेवारीत आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. आपण ज्यास गवती चहा म्हणतो तो मात्र या कुळातलाच नव्हे. ते सुगंधी गवत आहे, आणि नावापलीकडे त्याचे चहाशी काही नाते नाही. तुळशीच्या किंवा पुदिन्याच्या काढ्यासही हेच लागू.

मग एकाच पानाचे इतके प्रकार होतात कसे? सफरचंद किंवा वांगे चिरून ठेवले म्हणजे थोड्या वेळाने ते काळे पडते, हे आपण रोज पाहतो. हवेतील प्राणवायूचा फळातील द्रव्यांशी संयोग होऊन तसे घडते. चहाच्या पानातही नेमके हेच होते. कोवळी दोन पाने व एक कळी खुडून आणली म्हणजे प्रथम ती बारा ते अठरा तास पसरून कोमेजू देतात. नंतर ती वळतात, म्हणजे पानातील पेशी फुटून रस बाहेर येतो. तो रस हवेत राहिला म्हणजे पान तांबूस होत जाते व त्यास चहाचा परिचित वास येतो. मग उष्णता देऊन पान वाळवितात व ही क्रिया थांबते. ही क्रिया पुरती होऊ दिली की काळा चहा. मध्येच थांबविली की ऊलाँग. पान खुडताच वाफ किंवा आच देऊन ती सुरूच होऊ दिली नाही की हिरवा चहा. आणि कोवळ्या लवदार कळ्या न वळता नुसत्या कोमेजवून वाळविल्या की पांढरा चहा. तात्पर्य, चहाची जात झाडावर ठरत नाही, ती कारखान्यात ठरते.

काळ्या चहाचेही दोन मार्ग आहेत, आणि काकूंच्या घरातील घोटाळा येथेच झाला. जुन्या मार्गाने पाने हलक्या हाताने वळून शक्य तितकी अखंड ठेवतात. यास व्यापारात 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. दार्जिलिंगचा चहा असा असतो. दुसरा मार्ग १९३० साली आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी काढलेल्या यंत्राचा. दातेरी रुळांच्या जोडीतून पान चिरडले, फाडले व गुंडाळले जाते, आणि त्याचे टणक बारीक दाणे होतात. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'सी. टी. सी.' हे नाव पडले. आपण ज्यास दाणेदार चहा म्हणतो, मुंबईकडील दुकानदार ज्यास ममरी म्हणतात, तो हाच. भारतात आज होणाऱ्या चहाचा फार मोठा भाग याच प्रकारचा असतो. दाण्यातून रंग व कस झटकन उतरतो, आणि दूध, साखर, आले यांच्या गर्दीतही त्याची चव टिकून राहते. अखंड पानाचा चहा स्वभावाने सौम्य. त्याचा गुण सुवासात आहे. तो दुधात उकळणे म्हणजे अत्तराचा फाया रश्श्यात टाकण्यासारखे होय.

आता प्रतीकडे वळू. काकूंच्या पेटीवर 'एफ. टी. जी. एफ. ओ. पी.' अशी सहा अक्षरे होती, आणि एवढी अक्षरे ज्यावर आहेत तो चहा सर्वोत्तम असलाच पाहिजे, अशी सर्वांची समजूत होती. या अक्षरांचा अर्थ असा : 'ओ. पी.' म्हणजे ऑरेंज पेको. यातील पेको हा शब्द चिनी असून कोवळ्या कळीवरील पांढऱ्या लवेवरून तो आला आहे. ऑरेंज या शब्दाचा संत्र्याच्या वासाशी किंवा चवीशी काही संबंध नाही. पुढची अक्षरे कोवळ्या, सोनेरी टोकाच्या कळ्यांचे प्रमाण दाखवितात. 'बी' म्हणजे ब्रोकन, अर्थात तुटलेले पान. त्याहून बारीक ते फॅनिंग्ज. आणि चाळणीच्या तळाशी जे सर्वांत बारीक राहते ते डस्ट. दाणेदार चहातही असेच मोठ्या दाण्यापासून डस्टपर्यंत क्रम असतात, पुडक्यावर 'बी. पी.', 'पी. एफ.', 'पी. डी.' अशी अक्षरे दिसली तर ती ब्रोकन पेको, पेको फॅनिंग्ज व पेको डस्ट यांची समजावीत.

येथे एक गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी. ही अक्षरे मुख्यतः आकाराची आहेत, गुणाची नव्हेत. आपण घरी गहू दळून चाळतो तेव्हा लापशीचा रवा, जाड रवा, बारीक रवा व पीठ असे निरनिराळे भाग पडतात. जाड रवा दिसावयास मोठा म्हणून त्याचा गहू चांगला, असे कोणी गृहिणी म्हणणार नाही. उत्तम गव्हाचे पीठ कीड लागलेल्या गव्हाच्या रव्यापेक्षा केव्हाही सरस. चहाचेही तसेच. मळा कोणता, पाने कोणत्या ऋतूत खुडली, कोवळी होती की जून, कारखान्यात काळजी कितपत घेतली आणि माल ताजा आहे की वर्षभर पडलेला, यांवर गुण ठरतो. दार्जिलिंगला मार्च-एप्रिलात येणारी पहिली पालवी फिकट व फुलासारख्या वासाची. मे-जूनमधील दुसरी अधिक भरीव. पावसाळी पानांस मात्र तितका मान नाही. चांगल्या आसामी मळ्याचा डस्ट हा सामान्य मळ्याच्या मोठ्या दाण्यास सहज मागे टाकतो. शिवाय बारीक कणाचा एकूण पृष्ठभाग अधिक असल्यामुळे त्याचा कस लवकर उतरतो आणि तेवढ्याच चहात अधिक कप होतात. टपरीवाले डस्ट घेतात ते केवळ कंजूषपणाने नव्हे; त्यांस आपला धंदा समजतो.

काकूंस हे सर्व सांगून झाल्यावर प्रत्यक्ष प्रयोगाशिवाय त्या मानणार नाहीत हे उघड होते. म्हणून प्रथम दार्जिलिंगची अब्रू राखण्याचे ठरविले. त्या घरात पिण्यास बोअरचे पाणी असे आणि चहाच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर जमलेला होता. म्हणजे पाणी जड. जड पाण्यातील चुन्याच्या अंशामुळे चहाचा रंग मळकट होतो व वर साय धरल्यासारखा तवंग येतो. म्हणून क्षार काढणाऱ्या यंत्रातून गाळलेले पाणी घेतले. उकळी फुटताच ते खाली उतरविले, क्षणभर थांबून कपास एक लहान चमचा या प्रमाणात पाने घालून भांडे झाकले व चार मिनिटांनी गाळले. दूध नाही, आले नाही. स्वयंपाकघरात मंद सुवास पसरला. काकूंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाल्या, "वास गोड आहे हो. पण हा काही चहा नव्हे. एकादशीला दुपारचा घेत जाईन." एवढे झाले तरी पुरे होते. धाकट्या सूनबाईंच्या हातावरील आळ गेला, आणि भावोजींचे पैसेही वाया गेले नव्हते असे ठरले.

परंतु त्याच फळीवर चहाचे आणखी दोन डबे होते. एक पितळी, घरच्या माणसांचा व पाहुण्यांचा. त्यात मोठ्या दाण्याचा चहा. दुसरा पत्र्याचा, त्यास सर्व घर 'गड्यांचा डबा' म्हणत असे, व त्यात डस्ट. "हे पाहा, आम्ही प्रती ओळखतोच की," असे थोरल्या सूनबाई हसून म्हणाल्या. तेव्हा आम्ही सुचविले की या दोहोंचीही परीक्षा करू.

चहा चाखणाऱ्या जाणकारांची एक ठराविक रीत आहे व ती आंतरराष्ट्रीय मानकातही नमूद आहे : दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा, आणि सहा मिनिटे झाकण. परीक्षेसाठी चहा असा सारख्या मापाने केला म्हणजे कोणास पक्षपात करता येत नाही. मसाल्याच्या वजनाचा लहान काटा घरात होताच. दोन्ही डब्यांतील चहा एकाच पाण्याने, एकाच वेळेस केला. सारख्याच कपांत ओतला. कोणता कोठला हे फक्त धाकट्या सूनबाईंस माहीत. प्रथम कोरा व मागाहून थोडे दूध घालून सर्वांनी चाखला. भांड्यांच्या बाई त्या वेळी आल्या होत्या, त्यांसही बोलाविले.

सर्वांनी एकमताने एकच कप उचलला. रंग तांबडा व चकचकीत, चव तरतरीत. दुसऱ्या कपास एक कोंदट वास येत होता आणि नीट हुंगल्यावर तो हिंगाचा असल्याचे ध्यानात आले. बाईंनी मात्र पहिल्या घोटालाच ओळखले. "काकू, ह्यो तर आमचाच चहा हाय," त्या म्हणाल्या.

यात चमत्कार काही नव्हता. घरचा चहा गेल्या दिवाळीत सवलतीत मिळतो म्हणून एकदम पाच किलो घेतलेला. पितळी डब्याचे झाकण सैल, आणि शेजारी हिंग व काळा मसाला. चहा भोवतीचा वास व ओल फार लवकर ओढून घेतो. गड्यांचा चहा दर आठवड्यास पाव किलो, ताजा येत असे आणि पत्र्याच्या डब्याचे झाकण घट्ट होते. ज्याची किंमत अधिक तो शिळा होऊन बसला व ज्यास आपण हलका म्हणत आलो तो ताजेपणाने श्रेष्ठ ठरला. काकू काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी पितळी डबा उतरविला, त्यातील चहा गुलाबाच्या आळ्यात टाकावयास सांगितला, आणि म्हणाल्या, "आजपासून डबा एकच." म्हणाल्याप्रमाणे संध्याकाळी तसे झालेही.

संध्याकाळचा चहा घेताना आम्हांस पुण्याच्या एका जुन्या चहाची आठवण झाली. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते व लोकमान्य टिळकही होते. तेथे चहा दिला गेला. कोणी तो घेतला, कोणी नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करविली, आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानडे व टिळक या दोघांसही अखेर प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. त्या चहाची प्रत काय होती, तो पानाचा होता की भुकटीचा, हे कोणी विचारले नाही. वाद एवढाच होता की तो कोणाच्या हातचा व कोणाच्या कपातला.

येलदरीच्या त्या घरात डबा एक झाला. परंतु गड्यांचे व बाईंचे कप त्या संध्याकाळीही मागच्या दारच्या कट्ट्यावरच वेगळे पालथे घातलेले आम्ही पाहिले. पाहुणे म्हणून गेलो होतो, तेव्हा तेथे काही बोललो नाही. आणि न बोलल्याचे मागाहून वाईट वाटले. सकाळच्या परीक्षेत बाईंच्या हाती आपलाच कप देताना कोणाचे काही बिघडले नव्हते. आमच्या स्वतःच्या घरीही असे दोन कप बरीच वर्षे निराळे होते, म्हणून हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. चहाची प्रत चाळणीने ठरते, ते योग्यच आहे. चहा पिणाऱ्यांस तीच चाळणी लावण्याचे कारण आता कोणत्याही सुशिक्षित घरात उरले आहे असे आम्हांस वाटत नाही. वाचकांनी आपापल्या मागच्या दारी एकदा दृष्टी टाकावी, एवढीच विनंती.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. दूध घालून उकळावयाचा असेल तर दाणेदार किंवा डस्ट घ्यावा. कोरा घ्यावयाचा असेल तरच पानाच्या चहावर पैसे खर्चावे. चहा महिन्याभरात संपेल इतकाच आणावा व घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून व चुलीच्या वाफेपासून दूर ठेवावा. भेसळीचा संशय आल्यास टिपकागदावर किंवा गाळणकागदावर चिमूटभर चहा टाकून त्यावर पाणी शिंपडावे, मग चहा झटकून कागद नळाखाली धुवावा. कागदावर लगेच काळपट-तपकिरी डाग उमटले, तर चहा रंगविलेला किंवा एकदा वापरून वाळविलेला आहे असे समजावे. चहा काचेच्या बशीत पसरून त्यावरून लोहचुंबक फिरविल्यास लोखंडाचा कीस असेल तो चिकटून येतो.

शेवटची गोष्ट विशेषतः आपल्या घरांतील स्त्रियांसाठी. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील, त्यातही डाळी व पालेभाज्यांतील, लोह अंगी लागू देत नाहीत. एकत्र कुटुंबात सर्वांची पाने उठल्यावर सुना जेवतात व लगेच दुपारच्या चहाचे आधण ठेवून आपणही घोटभर घेतात. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांस ही सवय बाधते. जेवण व चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. हे अंतर राखणे सुनेच्या हाती नसते, घराच्या वेळापत्रकाच्या हाती असते. म्हणून ही सूचना सुनांपेक्षा सासूबाईंनी व घरातील पुरुषमंडळींनी अधिक मनावर घ्यावी. येलदरीस आम्ही निघताना काकूंनी आपण होऊन दुपारचा चहा तासभर पुढे ढकलला, हे येथे आनंदाने नमूद करतो.